पांढऱ्या डागाची तारीख

व्याख्यानमालेचं आजचं पुष्प दातांवर आहे हे कळल्यावर काही मंडळींनी विचारलं, "इतिहासाच्या मालेत दात कुठून आले?" रास्त प्रश्न आहे. हे व्याख्यान आम्ही दोघांनी मिळून तयार केलं आहे. एकाचा व्यवसाय दातांचा, दुसऱ्याचा नाद जुन्या कागदांचा. तेव्हा बोलण्यात 'आम्ही' आलं की दोघंही धरा.

सुरुवात एका बापाच्या प्रश्नाने करतो. अमळनेर तालुक्यातला शेतकरी माणूस. मुलीचे पुढचे दात वेडेवाकडे, एकावर एक चढलेले. कापसाचे पैसे आले तसे हप्त्याहप्त्याने भरून त्याने तिच्या दातांना तारा बसवल्या. जवळजवळ दोन वर्षं दर महिन्याला एसटीने जाणं-येणं. शेवटी तारा निघाल्या. दात एका रेषेत, छान. पण वरच्या चार दातांवर हिरडीलगत खडू ओढल्यासारखे पांढरे पट्टे. मुलीने आरशात बघितलं आणि ओढणी तोंडावर घेतली. बापाने आम्हाला विचारलं, "हाई काय शे, डॉक्टर? दातले कोड फुटनं का?"

'कोड' हा शब्द आपल्याकडे किती जड आहे हे या सभागृहात सांगायला नको. अंगावरच्या कोडालाही घाबरण्यासारखं काही नसतं, ते कुणाला लागत नाही. पण लग्नाच्या बाजारात तो शब्द अजून चालतो. म्हणून त्या बापाला दातांपेक्षा मुलीची जास्त काळजी होती. आणखी एका ठिकाणी त्यांना सल्ला मिळाला होता की चारही दात पुढून घासून त्यावर कवच बसवून टाका, प्रश्न मिटला. मुलगी सोळा वर्षांची. निरोगी दात एकदा घासला की तो परत येत नाही, आणि बसवलेलं कवच जन्मभर पुरत नाही. ते बदलावं लागतं, आणि दर वेळी थोडा दात आणखी जातो.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की दातावरचा पांढरा डाग घासायच्या आधी वाचावा, आणि वाचायचा तर त्याची तारीख काढावी. तारीख काढणं हे इतिहासाचं काम. म्हणून हे पुष्प या मालेत.

धुळेकरांना हे पटवायला फार बोलावं लागणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली याच शहरात वारले, आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या कागदांसाठी १९२७ साली इथेच संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायी हिंडून दप्तरं गोळा करणाऱ्या या माणसाने महाराष्ट्राला एक शिस्त लावली. आधी अस्सल कागद, मग मत. आणि कागदावर तारीख नसेल, तर अक्षर, कागदाची जात, आतले उल्लेख यांवरून ती ठरवायची. दातावरच्या डागावरही तारीख लिहिलेली नसते. पण ती ठरवता येते. कशी, ते बघू.

त्याआधी डाग म्हणजे काय ते समजून घेऊ.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरते, कारण तिथे जिवंत पेशी असतात. तयार झालेल्या इनॅमलमध्ये पेशी नसतात. ते एकदाच बनतं. म्हणूनच तो इतका चांगला दस्तऐवज आहे. नंतर कुणी पुन्हा लिहीत नाही, फक्त खोडाखोड होते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातली माणसं सापडली, तेव्हा त्यांच्या दातांचा अभ्यास लुकाच आणि वाळिंबे या संशोधकांनी केला. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं काय खात होती, लहानपणी कुणाची आबाळ झाली होती, हे दातांवरून वाचता येतं. आपल्या गिरणाकाठच्या बहाळ-टेकवाडे इथली वस्तीही त्याच युगातली.

आता हे कवच पांढरं कशाने होतं? चांगलं इनॅमल थोडं पारदर्शक असतं. प्रकाश आत शिरतो, आतला पिवळसर रंग थोडा दिसतो. आम्लाने त्यातलं खनिज निघून गेलं की आत बारीक बारीक पोकळ्या पडतात. गंमत अशी की वरचा पातळ थर बहुतेक शाबूत राहतो आणि त्याच्या खाली पोकळी होते. वरून हात फिरवला तर भिंत धड, आतून भुसभुशीत. या पोकळ्यांत प्रकाश विखुरतो आणि ती जागा खडूसारखी पांढरी दिसते. म्हणजे वरून पांढरा रंग चढलेला नसतो. आतून काहीतरी गेलेलं असतं आणि तो रिकामेपणा पांढरा दिसतो.

याचा पुरावा घरी बघता येतो. दात ओला असताना डाग पुसट, ओठ वर करून दात वाळला की तोच डाग ठसठशीत. कारण पोकळीतलं पाणी जाऊन हवा येते. प्रकाश वाकवण्याची ताकद आकड्यात सांगायची तर इनॅमलची सुमारे १.६२, पाण्याची १.३३ आणि हवेची १. इनॅमल आणि पोकळीतला पदार्थ यांच्या आकड्यांत जितकी तफावत, तितका डाग पांढरा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे उपचारात लागणार आहेत.

इथून डागाचे दोन इतिहास सुरू होतात. दोन्ही शेवटी आपल्या खानदेशात येऊन मिळतात.

पहिला इतिहास पाण्याचा. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना टाकायला गेला. तिथे जन्मलेल्या पोरांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग. गावातल्या लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. मॅकेला वाटलं. त्याने त्या काळच्या दंतशास्त्रातल्या सर्वांत मोठ्या माणसाला, ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक यांना, पत्रं लिहिली. ब्लॅक १९०९ साली तिथे आले आणि पुढे दोघांनी मिळून या डागांवर लिहिलं. मॅकेच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, मोठेपणी गावात राहायला आलेल्यांना हे डाग होत नाहीत, लहानपण तिथे गेलेल्यांनाच होतात. दोन, डाग असलेले दात किडत मात्र कमी.

बघा, पहिलं निरीक्षण म्हणजे तारीख आहे. डाग दात बनतानाचा आहे, नंतरचा नाही. कारण सापडायला मात्र १९३१ साल उजाडलं. अ‍ॅल्युमिनियम कंपनीतले रसायनज्ञ चर्चिल यांनी पाणी तपासलं आणि त्यात फ्लोराइड जास्त निघालं. पुढे ट्रेंडली डीन यांनी गावोगावचं पाणी आणि पोरांचे दात यांची सांगड घातली. लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दात कमी किडतात आणि डागही फारसे पडत नाहीत. या हिशोबावर १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालायला सुरुवात केली.

आपल्याकडे गोष्ट उलटी. आपल्याकडे कमतरता नव्हती, आधिक्य होतं. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की इथे फ्लोराइडने दातच नव्हे तर हाडंसुद्धा धरली जात आहेत, माणसं वाकत आहेत. नंतर देशभरातून अशी गावं कळत गेली. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने पाण्यातलं फ्लोराइड काढण्याची पद्धत शोधली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरायची. आंध्रातल्या त्या वेळच्या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यावरून तिचं नाव पडलं नलगोंडा पद्धत. पद्धत नागपूरची, नाव नलगोंड्याचं.

महाराष्ट्रात फ्लोराइड म्हटलं की यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ही नावं आधी येतात. पण फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांच्या याद्यांत जळगावचं नावही येतं. याचा अर्थ अख्खा जिल्हा बाधित असा नाही. वाघूर धरणाचं पाणी पिणारं जळगाव शहर, नकाणे तलाव आणि तापीच्या पाण्यावरचं धुळे यांचं पाणी धरणा-तलावाचं, उघड्यावरचं. त्यात फ्लोराइड सहसा कमी. प्रश्न बोअरच्या पाण्याचा असतो, आणि तोही प्रत्येक बोअरगणिक वेगळा. एका शेतातल्या बोअरला एक आकडा, शेजारच्याला दुसरा. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाण्याची पातळी किती खाली गेली हे आपण सगळे जाणतो. बोअर खोल गेला की पाणी अधिक काळ दगडात राहिलेलं मिळतं, म्हणून ते तपासून घेणं बरं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेता येतं.

दुसरा इतिहास तारांचा.

वाकडे दात सरळ करायची हौस जुनी आहे, पण त्याचं शास्त्र बसवलं अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी. १८९९ साली त्यांनी दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. ते आजही आम्ही वापरतो. १९२८ साली त्यांनी शेवटची मोठी रचना दिली. दातावर एक छोटी खाचेची पेटी, त्यात चौकोनी तार. आजच्या तारा तिच्याच वारसदार. जळगावच्या सराफ बाजारातून आलेल्या मंडळींना ऐकून बरं वाटेल की त्या काळी हे सगळं सोन्याच्या मिश्रधातूचं असायचं. दाताभोवती पट्टीचं कडं घडवायचं, त्यावर पेटी डाख लावून जोडायची. निम्मं काम सोनाराचंच. पुढे स्टेनलेस स्टील आलं आणि तारा स्वस्त झाल्या.

पण प्रत्येक दाताला कडं ही कटकटच. ती सुटली एका भलत्याच कल्पनेतून. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल वापरतात. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी विचार केला, तेच दातावर केलं तर? आम्लाने इनॅमल अर्ध्या मिनिटात किंचित खरखरीत होतं आणि त्यावर प्लॅस्टिकसारखा पदार्थ घट्ट धरतो. आज दातांच्या रंगाच्या भरण्यापासून ब्रॅकेटपर्यंत सगळं याच शोधावर उभं आहे. सत्तरच्या दशकापासून कडी गेली आणि दाताच्या पुढच्या बाजूवर थेट चिकटवलेल्या टिकल्या आल्या.

इथे एक गैरसमज दूर करतो. पालक म्हणतात, "तुम्ही चिकटवताना आम्ल लावलं, त्याचेच हे डाग." नाही. त्या आम्लाचा परिणाम वरवरचा असतो आणि टिकलीबाहेरचा भाग लाळेने लवकर भरून निघतो. डाग पडतो तो टिकलीच्या कडेला अडकून राहणाऱ्या चिकट थरामुळे. हेही शंभर वर्षांहून जुनं ज्ञान आहे. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० साली मांडलं की तोंडातले जंतू साखर-पिष्ट खाऊन आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. टिकल्या आणि तारा म्हणजे त्या थराला मिळालेला आडोसा. ब्रश पोचत नाही, जीभ फिरत नाही, लाळ नीट धूत नाही.

१९८२ साली गोरेलिक आणि सहकाऱ्यांनी मोजणी प्रसिद्ध केली. तारा लावलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या तोंडात निदान एक तरी पांढरा डाग, आणि सगळ्यात जास्त वरच्या बाजूच्या पटाशीच्या दातावर, म्हणजे मधल्या दोन दातांच्या शेजारच्यावर. १९८८ साली नॉर्वेच्या ओगार्ड यांनी दाखवलं की थर साचत राहिला तर डाग दिसायला चार आठवडे पुरतात. चार आठवडे म्हणजे आपल्या दोन भेटींमधलं अंतर.

आता हे दोन इतिहास आपल्या गावात कसे भेटतात ते बघा. तारांचे तज्ज्ञ पूर्वी मुंबईतच. नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं, सरकारी दंत महाविद्यालय १९४५ चं. दंतवैद्यकाचा कायदा आला १९४८ साली आणि तारांच्या तज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना १९६५ साली. खानदेशातल्या पोराला तारा लावायच्या म्हणजे मुंबई-पुण्याला नातेवाईक हवेत. १९८३ च्या विनाअनुदान धोरणानंतर महाराष्ट्रभर खासगी महाविद्यालयं निघाली. त्या लाटेनंतर धुळ्यातही दंत महाविद्यालय आलं. तिथून आणि इतर ठिकाणांहून शिकलेली मुलंमुली जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूरला दवाखाने काढून बसली. म्हणजे ज्या पट्ट्यात काही मुलांच्या दातांवर आधीच पाण्याचे पांढरे डाग असू शकतात, तिथेच आता तारांचे पांढरे डागही पडू लागले. दिसायला दोन्ही पांढरे. उपचार वेगळा, दोष वेगळ्याचा, पुढची काळजी वेगळी. गल्लत झाली तर नुकसान मुलाचं.

मग तारीख कशी काढायची?

पहिला आधार, दात बनण्याचं वेळापत्रक. पुढच्या कायमच्या दातांचं इनॅमल बाळ काही महिन्यांचं असल्यापासून बनायला लागतं आणि चार-पाच वर्षांत पूर्ण होतं. अक्कलदाढ सोडली तर सगळ्या दातांचं कवच आठव्या वर्षापर्यंत तयार. म्हणजे फ्लोराइडचा डाग आठ वर्षांच्या आतलाच. तारा लागतात साधारण अकरा ते पंधरा वर्षांच्या वयात. दोन घटनांमध्ये काही वर्षांचं अंतर आहे. इतकी स्पष्ट कालगणना इतिहासात फार थोड्या ठिकाणी मिळते.

दुसरा आधार, आकार. पाण्याचा डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा, बारीक आडव्या रेघांचा किंवा ढगाळ, कडा पुसट. ताराचा डाग टिकलीच्या भोवती किंवा टिकली आणि हिरडी यांच्या मधे, चंद्रकोरीसारखा, कडा ठळक. कधीकधी मधे टिकलीच्या आकाराचा चांगला चौकोन आणि भोवती पांढरी चौकट. अशा डागाने आपली तारीख स्वतःच लिहून ठेवलेली असते. एकाच दातावर एकुलता डाग असेल तर लहानपणी त्या जागी दुधाच्या दाताला मार लागला होता का, पू झाला होता का, हे आईला विचारायचं.

तिसरा आणि सगळ्यात पक्का आधार, अस्सल कागद. तारा लावण्यापूर्वी काढलेले फोटो. हे फोटो प्रत्येक डॉक्टरने काढावेत आणि प्रत्येक पालकाने मागावेत. नसतील तर घरातले शोधा. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, मामाच्या लग्नातला, दात दाखवून हसलेला एखादा सापडतोच. अमळनेरच्या त्या मुलीचा आम्हाला असाच मिळाला. अकरा वर्षांची, आत्याच्या लग्नात, दात वाकडे पण स्वच्छ. पट्टे नव्हते. बापाला फोटो दाखवून सांगितलं, "दादा, हे कोड नाही, पाण्याचंही नाही. हे तारा असतानाचं आहे. आणि यातलं बरंचसं अजून आपल्या हातात आहे."

हातात आहे असं का म्हणालो? कारण लाळ. १९६६ साली हॉलंडमधल्या बॅकर डर्क्स यांनी एक फार मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ वर्षांच्या मुलांच्या वरच्या पहिल्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला त्यांना ७२ पांढरे डाग दिसले होते. तेच दात त्यांनी मुलं पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा बघितले. ७२ पैकी ९ जागी खड्डा पडला होता, २६ डाग तसेच होते आणि ३७ जागी दात चांगला दिसत होता. निम्म्याहून जास्त. दात आणखी वर आला, हिरडीजवळचा आडोसा गेला, लाळ पोचायला लागली. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ते परत आत शिरतं. थोडं वरचं इनॅमल वापराने झिजून गुळगुळीतही होतं.

तारा काढल्यावर नेमकं हेच घडतं. आडोसा निघून जातो. म्हणून पहिला उपचार म्हणजे धीर. नीट ब्रश, रोज साध्या फ्लोराइडच्या पेस्टने, आणि पहिले काही महिने, साधारण सहा, वाट. बराचसा फरक याच काळात पडतो. सगळे डाग जात नाहीत. ओगार्ड यांनीच पुढे दाखवलं की तारा काढून पाच-सहा वर्षं झालेल्या तरुणांच्या दातांवरही डाग शिल्लक असतात. पण फिके होतात, लहान होतात. सहा महिन्यांनी जे उरेल त्यावर बोलू. आज दिसतंय त्यावर नको.

या काळात काय करू नये तेही सांगतो. कोळसा, राख, मीठ, मशेरी लावून डाग घासू नये. तो वर लागलेला नाही, घासून निघणार कसा? आणि पुढच्या दर्शनी डागांवर एकदम तीव्र फ्लोराइडचा लेप लावण्याची घाईही बरेच तज्ज्ञ टाळतात. तीव्र फ्लोराइडने वरचा थर पटकन बंद होतो आणि पोकळी आत तशीच कोंडली जाते. दात सुरक्षित होतो, पण डाग पांढराच राहतो. कीड पुढे सरकत असेल तर हिशोब बदलतो, ते डॉक्टर ठरवतील.

वाट बघूनही डाग राहिला तर पुढच्या पायऱ्या आहेत. मेलबर्नच्या एरिक रेनल्ड्स यांनी दुधातल्या केसीन प्रथिनापासून एक मलम तयार केलं. ते कॅल्शियम आणि फॉस्फेट दातापर्यंत नेतं. आपल्याकडे ते महाग मिळतं. साध्या फ्लोराइड पेस्टपेक्षा त्याचा फायदा ठळकपणे जास्त आहे, असं सगळे अभ्यास जुळवून बघितले तर म्हणता येत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर ते लावूच नये. परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी पायरी, आम्ल आणि बारीक पावडरीने वरचा केसभर थर उतरवणं. ही १९८६ मध्ये क्रोल आणि कॅव्हनॉ यांनी रूढ केली. वरवरच्या डागांना, विशेषतः पाण्याच्या डागांना, ती चांगली. पण थर जातो हे खरं, म्हणून जपून.

तिसरी पायरी आमच्या आवडीची, कारण ती प्रत्येक खानदेशी माणसाला लगेच कळते. पेपरच्या कागदात गरम भजी बांधून आणली की काय होतं? जिथे तेल लागतं तिथे कागद आरपार दिसायला लागतो. कागदाच्या तंतूंमधल्या हवेच्या जागी तेल शिरलं, प्रकाश विखुरणं थांबलं. बर्लिन आणि कील इथल्या मायर-ल्युकेल आणि पॅरिस या संशोधकांनी दाताच्या बाबतीत हेच केलं, आणि २००९ च्या सुमारास ते बाजारात आलं. वरचा धड थर आम्लाने उघडायचा, अल्कोहोलने पोकळ्या वाळवायच्या, मग पाण्यासारखं पातळ रेझिन आत मुरू द्यायचं आणि प्रकाशाने घट्ट करायचं. मघाचे आकडे आठवा. रेझिनचा आकडा दीडच्या आसपास, इनॅमलच्या १.६२ च्या जवळ. तफावत कमी, डाग कमी. भूल नाही, ड्रिल नाही, बहुधा एकाच बैठकीत होतं. तारांच्या डागांवर ते चांगलं चालतं. फ्लोराइडच्या खोल डागांवर कधी चालतं, कधी अर्धवट. पुन्हा तारखेचाच प्रश्न.

दात घासून कवच बसवणं ही शेवटची पायरी. ती आहे, कधी लागतेही. पण अनेकांना ती पहिली सांगितली जाते, म्हणून तर हे व्याख्यान.

आता थोडं आपल्या घराकडे. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी मोजून दाखवलं की साखर तोंडात गेली की काही मिनिटांतच थरातलं आम्ल वाढतं आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. सामू (पीएच) ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. हा तास आपण दिवसातून किती वेळा सुरू करतो ते मोजा. सकाळचा चहा, पाहुणे आले की चहा, क्लासहून आल्यावर चहा. चहाला नाही म्हणणं आपल्याकडे अपमान. मधे केळीचे वेफर्स, जे चावून चिकट होतात आणि तारांत बसतात. भुसावळचा मे महिना, घसा कोरडा, हातात थंड पेयाची बाटली, आणि ती एकदम न पिता तासभर घोट घोट. किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दाताला जास्त कळतं. तारा असलेल्या मुलाला गोड द्या, पण जेवणाबरोबर. चहा बिनसाखरेचा चालत नसेल तर निदान वेळा कमी करा, आणि नंतर चूळ भरू द्या.

शेवटी फ्लोराइडबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आपल्या औषध-प्रसाधन नियमांनुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही आणि प्रमाण ट्यूबवर छापावं लागतं. युरोपात दीड हजारापर्यंत चालतं. आम्हाला भेटणारे काही पालक 'फ्लोराइड वाईट' एवढंच ऐकून मुलाला बिनफ्लोराइडची पेस्ट देतात. बोअरचं पाणी पिणाऱ्या तीन वर्षांच्या बाळाच्या बाबतीत सावधगिरी बरोबर आहे. पाणी तपासा, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या, गिळू देऊ नका. पण तेरा वर्षांच्या, तारा लावलेल्या मुलाचे दिसणारे दात केव्हाच बनून झाले आहेत. त्याला आता पाण्याचा डाग पडू शकत नाही. ताराचा पडू शकतो, आणि तो अडवायला फ्लोराइडच लागतं. पदार्थ तोच. लहानपणी जास्त झाला तर डाग पाडतो, मोठेपणी बेताने वापरला तर डाग अडवतो. मॅकेने शंभर वर्षांपूर्वी टिपलेल्या दोन गोष्टी अशा एका घरात, एकाच पंगतीला बसतात.

अमळनेरच्या त्या मुलीचं काय झालं, हे विचारणारच. सहा महिने थांबलो. दोन डाग वाळवल्याशिवाय दिसेनासे झाले, दोन फिके झाले. उरलेल्या दोनांत रेझिन मुरवलं. बारकाईने बघितलं तर अजून कळतं. ती बघत नाही. एकही दात घासावा लागला नाही.

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे देतो.

प्रश्न : माझ्या मुलाचे दात तारा लावायच्या आधीच पांढरे-पिवळे डागाळलेले आहेत. तारा लावू की नको?

उत्तर : लावा, पण आधी फोटो काढून घ्या आणि घरचं पाणी तपासून घ्या. धाकटं भावंडं असेल तर पाण्याची तपासणी त्याच्यासाठी जास्त महत्त्वाची. मोठ्याचा डाग पडून गेला आहे, धाकट्याचा अजून टाळता येईल. तारा असताना नवे डाग पडले तर जुन्या फोटोशी ताडून बघता येईल.

प्रश्न : तारा असताना डाग पडायला लागल्याचं घरी कसं कळावं?

उत्तर : महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, ब्रश करून झाल्यावर वरचा ओठ उचलून पाच-सात सेकंद दात वाळू द्या. टिकलीच्या वर, हिरडीलगत खडूसारखी कड दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. तारीख आपोआप पडते.